नॉक्सविलचे महिला बास्केटबॉल हॉल ऑफ फेम : पॅट समिट यांची कारकीर्द समजून घेण्यासाठी

पॅट समिट यांनी टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षकपद १९७४ ते २०१२ असे सलग ३८ हंगाम सांभाळले. या काळात त्यांच्या संघाने १०९८ सामने जिंकले, २०८ गमावले आणि आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. विजयांपेक्षा पराभव जास्त झाले, असा एकही हंगाम या ३८ वर्षांत गेला नाही. एवढी माहिती कोणालाही घरबसल्या मिळते. तरीही ज्यांना या खेळाबद्दल आस्था आहे, त्यांनी टेनेसी राज्यातल्या नॉक्सविल शहरातले महिला बास्केटबॉल हॉल ऑफ फेम प्रत्यक्ष जाऊन पाहावे आणि त्याच दिवशी विद्यापीठाच्या आवारातला पॅट समिट प्लाझाही पाहून यावा, असे मी आग्रहाने सांगेन. समिट यांना खेळ आणि त्याची व्यवस्था आयती मिळाली नव्हती. संघ घडवता घडवता महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल उभे करण्याचे कामही त्यांना करावे लागले, आणि तो भाग आकड्यांच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

हे संग्रहालय जून १९९९ मध्ये खुले झाले. शहराच्या मध्यवर्ती भागाजवळ असलेली ही इमारत ओळखायला काहीच अडचण येत नाही, कारण तिच्या छतावर ३० फूट उंचीचा आणि १० टन वजनाचा बास्केटबॉल बसवलेला आहे. चेंडूच्या खाली काचेचा जिना आहे आणि त्याची रचना बास्केटच्या जाळीसारखी केलेली असल्यामुळे, चेंडू नुकताच रिंगमधून खाली येतो आहे असा भास होतो. पहिल्या नजरेत हा प्रकार भडक वाटण्याची शक्यता आहे, आणि कलात्मकतेच्या कसोटीवर त्याविषयी मतभेदही होऊ शकतात. पण आत जाऊन या खेळाचा इतिहास पाहिल्यानंतर माझे मत त्या चेंडूच्या बाजूने पक्के झाले. मुलींचा जो खेळ अनेक दशके बंद दारांआड, लोकांच्या नजरेपासून दूर ठेवला गेला, त्याचे स्मारक मैलभरावरून दिसावे इतके मोठे असणे योग्यच आहे. त्या मानाने आतले एलिझाबेथ मॅकक्वीन यांचे १७ फुटी कांस्यशिल्प संयत आहे, आणि शिल्पकलेत रस असणाऱ्यांनी त्याच्यापाशी थोडा वेळ थांबावे.

संग्रहालय पाहताना समिट यांच्या दालनांकडे थेट धाव घेऊ नये. सुरुवात १८९०च्या दशकापासून करावी. जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉल शोधून काढला आणि त्यानंतर काही महिन्यांतच जवळच्या नॉर्थॅम्प्टन गावातील स्मिथ कॉलेजच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवला. मार्च १८९३ मध्ये तिथे विद्यार्थिनींचा सामना झाला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. बेरेन्सन यांनी मुलींसाठी नियम बदलले. कोर्टाचे तीन भाग केले, प्रत्येक खेळाडूने आपल्या भागातच राहायचे, दुसरीच्या हातातून चेंडू हिसकावायचा नाही आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवायचा नाही, असे ठरवले. मुलींना धावपळ झेपत नाही, त्यांच्या प्रकृतीला ती घातक ठरते, हा त्या काळच्या वैद्यकाचा आणि समाजाचा समज होता. बेरेन्सन यांनी या समजाशी भांडण न करता त्याच्या मर्यादेत राहून मुलींना मैदानावर आणले, आणि त्यांचे श्रेय मोठे आहे. मात्र एकदा घालून दिलेली मर्यादा पुढे किती काळ टिकून राहते, हेही याच इतिहासातून कळते.

कारण कोर्टाचे भाग पाडण्याची ही पद्धत वेगवेगळ्या रूपांत तब्बल एक शतक चालली. पुढे तीन भागांचे दोन झाले आणि प्रत्येक संघात सहा मुली आल्या. तिघी आक्रमणाच्या अर्ध्या भागात आणि तिघी बचावाच्या अर्ध्या भागात उभ्या राहायच्या. मधली रेषा कोणीही ओलांडायची नाही. म्हणजे बचावात खेळणारी मुलगी चार वर्षे शाळेच्या संघातून खेळली, तरी सामन्यात बास्केटवर चेंडू टाकण्याची संधी तिला एकदाही मिळत नसे. खुद्द टेनेसी राज्यातल्या शाळांमध्ये हा सहा जणींचा खेळ १९७९ पर्यंत चालू होता, आणि आयोवा व ओक्लाहोमा या राज्यांत तर तो १९९०च्या दशकापर्यंत टिकला. महाविद्यालयांत तोवर पाच जणींचा, पूर्ण कोर्टावरचा खेळ रूढ झाला होता. त्यामुळे टेनेसीतली शाळकरी मुलगी महाविद्यालयीन संघाच्या निवडीत इतर राज्यांतल्या मुलींच्या मागे पडत असे, आणि शिष्यवृत्तीची संधीही त्याबरोबर जात असे. समिट यांनी या नियमाविरुद्ध उघडपणे भूमिका घेतली. राज्यातल्या शाळांना, त्यांच्या प्रशिक्षकांना आणि जुन्या पद्धतीवर मनापासून प्रेम करणाऱ्या पालकांना दुखावण्याचा धोका त्या वेळी विशीत असलेल्या एका तरुण प्रशिक्षिकेने पत्करला होता. आठ विजेतेपदांइतकेच मोल मी या भूमिकेला देतो, कारण तिचा फायदा ज्या मुलींना झाला, त्यांतल्या बहुतेक जणी त्यांच्या संघातून कधीच खेळल्या नाहीत.

ऑल अमेरिकन रेड हेड्स या संघाची ओळखही इथे होते, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. १९३६ मध्ये मिसुरीतील कॅसव्हिल गावात सुरू झालेला हा महिलांचा व्यावसायिक संघ पन्नास वर्षे देशभर फिरला, पुरुषांच्या संघांविरुद्ध पुरुषांच्याच नियमांनी खेळला आणि बहुतेक वेळा जिंकला. खेळाडूंना केस लाल रंगवून यावे लागे आणि करमणुकीच्या कसरतीही कराव्या लागत, हे आज वाचताना खटकते. पण महिलांना खेळून पोट भरण्याचा दुसरा मार्गच जवळजवळ नव्हता.

एवढी पार्श्वभूमी मनात ठेवून १९७०च्या दशकापाशी आले, म्हणजे समिट यांची सुरुवात नीट समजते. त्यांचा जन्म जून १९५२ मध्ये टेनेसीतील क्लार्क्सव्हिल येथे झाला. माहेरचे आडनाव हेड. घरी शेती आणि दुधाचा व्यवसाय होता. क्लार्क्सव्हिलच्या शाळेत मुलींचा बास्केटबॉल संघ नव्हता, म्हणून वडिलांनी संपूर्ण कुटुंब हेन्रिएटा या शेजारच्या गावी हलवले. पुढे टेनेसी विद्यापीठाच्या मार्टिन येथील महाविद्यालयात त्या खेळल्या. शेवटच्या वर्षी, १९७४ च्या जानेवारीत, त्यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्या काळात अशी दुखापत झाली, की खेळाडूची कारकीर्द संपली असेच गृहीत धरले जाई. त्याच वर्षी नॉक्सविलच्या मुख्य आवारात त्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि साहाय्यक प्रशिक्षक म्हणून दाखल होणार होत्या, तेवढ्यात तिथल्या मुख्य प्रशिक्षिका रजेवर गेल्या आणि ही जबाबदारी २२ वर्षांच्या पॅट हेड यांच्यावर आली. महिन्याचा मोबदला होता २५० डॉलर. संघातल्या काही मुली त्यांच्यापेक्षा जेमतेम एका वर्षाने लहान होत्या. खेळाडूंचे गणवेश आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले होते. ते धुण्याचे कामही प्रशिक्षिकेकडे आणि बाहेरगावच्या सामन्यांना जाताना व्हॅन चालवण्याचे कामही तिच्याकडेच. हे सगळे करत असताना त्या स्वतः पदव्युत्तर अभ्यास करत होत्या, विद्यार्थ्यांचे वर्ग घेत होत्या आणि मोडलेला गुडघा सावरून ऑलिम्पिकसाठी सराव करत होत्या.

डिसेंबर १९७४ मध्ये मर्सर विद्यापीठाविरुद्ध झालेला त्यांचा पहिला सामना संघाने ८४-८३ असा एका गुणाने गमावला. पुढे जानेवारीत मिडल टेनेसी स्टेटविरुद्ध पहिला विजय मिळाला. पहिला हंगाम १६ विजय आणि ८ पराभव असा संपला. हॉल ऑफ फेममधल्या कोणत्याही चषकापेक्षा हा पहिला हंगाम मला जास्त विचार करायला लावतो. १९७२ मध्ये टायटल नाइन हा कायदा झाला होता आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेदभाव करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. परंतु कायदा झाला म्हणून व्यायामशाळा, बस, डॉक्टर, शिष्यवृत्ती आणि प्रेक्षक आपोआप आले नाहीत. विद्यापीठांच्या क्रीडाविभागांत कोणीतरी रोज उठून त्यांची मागणी करावी लागत होती, आणि मागणी करणाऱ्या व्यक्तीकडे दाखवायला निकालही असावा लागत होता. समिट यांच्याकडे तो निकाल होता, म्हणून त्यांची मागणी टाळणे विद्यापीठाला दरवर्षी अधिकाधिक अवघड होत गेले.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये महिला बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा त्या अमेरिकेच्या संघाच्या सहकर्णधार होत्या आणि सोव्हिएत संघामागोमाग त्यांच्या संघाने रौप्यपदक मिळवले. आठ वर्षांनी लॉस एंजेलिसला त्याच अमेरिकी संघाच्या मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांनी सुवर्णपदक जिंकले. महाविद्यालयीन पातळीवर मात्र त्यांना बराच धीर धरावा लागला. महिलांच्या स्पर्धा आधी एआयएडब्ल्यू या वेगळ्या संघटनेकडे होत्या. एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने त्या १९८२ मध्ये सुरू केल्या. टेनेसीचा संघ वारंवार अखेरच्या चार संघांत पोहोचायचा आणि तिथून रिकाम्या हाताने परतायचा. पहिले विजेतेपद मिळाले ते १९८७ मध्ये, ऑस्टिन येथे, लुइझियाना टेकला ६७-४४ असे हरवून. म्हणजे पदावर आल्यानंतर तेराव्या हंगामात. आजच्या घाईच्या काळात एखाद्या प्रशिक्षकाला इतकी वर्षे मिळतील का, याविषयी मला शंका आहे.

संग्रहालयातला ड्रेसिंग रूमचा विभाग माझ्या मते सर्वांत परिणामकारक आहे. इथे मोठ्या प्रशिक्षकांची हाफटाइममधली भाषणे ऐकण्याची सोय केलेली आहे आणि त्यांत समिट यांचाही आवाज आहे. घाईत असाल तर दुसरे काही वगळा, पण इथे बसा. लाकडी बाकावर बसून तो आवाज ऐकताना लक्षात येते, की नुसत्या रागावण्याने एवढा दरारा निर्माण होत नाही. समिट यांची रोखून पाहण्याची नजर खेळाडूंमध्ये प्रसिद्ध होती आणि तिच्याविषयीच्या असंख्य गोष्टी सांगितल्या जातात. परंतु त्या नजरेमागे काटेकोर नियम होते आणि ते सर्वांना सारखे लागू होते. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचे. तास बुडवला, तर पुढच्या सामन्यात खेळायला मिळणार नाही, मग ती संघातली सर्वोत्तम खेळाडू का असेना. मुली मनापासून खेळत नाहीत असे वाटले, तर ऐसपैस ड्रेसिंग रूममधून संपूर्ण संघाला बाहेर काढायलाही त्यांनी मागेपुढे पाहिले नाही. ती जागा पुन्हा कमवावी लागे. या कठोरपणाचे समर्थन करताना मी एका गोष्टीवर भर देईन. त्यांच्याकडे पूर्ण कालावधी खेळलेल्या प्रत्येक खेळाडूने पदवी मिळवली. ३८ वर्षांत याला अपवाद नाही. महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या कामाचे मूल्यमापन करताना हा निकष सर्वांत आधी लावायला हवा, कारण विद्यापीठाने मुलींना बोलावलेले असते ते शिकण्यासाठी, आणि त्यांतल्या फार थोड्या जणी पुढे व्यावसायिक खेळाडू होतात.

१९९६, १९९७ आणि १९९८ या तीन सलग विजेतेपदांचा काळ अर्थातच प्रेक्षकांना सर्वाधिक आकर्षित करतो. शमीक होल्ड्सक्लॉ, सेमीका रँडल आणि टमीका कॅचिंग्स या तिघींचा समावेश असलेला १९९७-९८ चा संघ ३९ सामने खेळला आणि सर्वच्या सर्व जिंकला. त्याची बरोबरी सहजी होणार नाही. पण प्रशिक्षकाचे कसब पाहायचे असेल, तर मी त्याच्या आदल्या हंगामाकडे बोट दाखवीन. १९९६-९७ मध्ये या संघाने दहा सामने गमावले होते. टेनेसीसारख्या संघासाठी ही नामुष्कीच होती, आणि बाद फेरी सुरू होताना त्यांना कोणी दावेदार मानत नव्हते. तरीही संघाने अंतिम सामन्यात ओल्ड डोमिनियनला ६८-५९ असे हरवून चषक राखला. गुणी खेळाडू जमले की अपराजित राहता येते, असे मानणारे मानोत. दहा पराभव पचवून मार्च महिन्यात सर्वोत्तम खेळ करणारा संघ मात्र सरावाच्या मैदानावरच घडतो, आणि तिथे प्रशिक्षकाशिवाय दुसरे कोणी नसते.

याच काळात विद्यापीठाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारण्याविषयी त्यांना विचारणा झाली आणि त्यांनी नकार दिला. असे दोनदा घडले. महिला संघ सोडून पुरुष संघाकडे जाणे ही बढती आहे, हे गृहीतकच त्यांना मान्य नव्हते. २००६ मध्ये झालेल्या करारानंतर त्यांचे वार्षिक उत्पन्न दहा लाख डॉलरच्या पुढे गेले आणि हा टप्पा ओलांडणाऱ्या त्या महिला बास्केटबॉलमधल्या पहिल्या प्रशिक्षक ठरल्या. महिना २५० डॉलरपासून इथपर्यंतचा हा प्रवास त्यांच्या एकटीच्या यशाचा मानला, तर तो अर्धाच समजला असे होईल, कारण त्यांच्या कराराकडे बोट दाखवून देशभरातल्या इतर महिला प्रशिक्षकांना आपापल्या विद्यापीठांत वाढीव मोबदला मागता आला.

हॉल ऑफ ऑनर या दालनात सन्मानित व्यक्ती एकत्र पाहायला मिळतात. १९९९ मध्ये पहिल्या तुकडीत २५ जणांचा समावेश झाला आणि त्यांत समिट होत्या. ऑलिम्पिकच्या इतिहासातली महिला बास्केटबॉलची पहिली बास्केट करणाऱ्या त्यांच्या १९७६ च्या संघसहकारी लुसिया हॅरिस याही होत्या. अशा सन्मानदालनांची एक मर्यादा मला नेहमी जाणवते आणि ती कोणत्याही एका संस्थेची नाही. इथे प्रत्येक व्यक्ती शिखरावर पोहोचलेल्या अवस्थेत भेटते. कोणाला किती वर्षे थांबावे लागले, कोणामुळे कोणाचा मार्ग सुकर झाला, कोण कोणाकडून हरले, हे दुवे ज्याचे त्याने जोडायचे असतात. आधी थोडे वाचून गेलेल्या माणसाला हे दालन बोलके वाटते. तयारी न करता गेलेल्याला मात्र नावे, चेहरे आणि तारखा एवढेच दिसण्याचा संभव आहे. शाळकरी मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनी सहा जणींच्या खेळाची गोष्ट आणि डोनट विकून घेतलेल्या गणवेशांची गोष्ट आधी सांगावी, म्हणजे मुले स्वतःच प्रश्न विचारू लागतात.

आकड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. समिट यांचे बहुतेक विक्रम आता त्यांच्या नावावर नाहीत. विजयांच्या संख्येत ड्यूक विद्यापीठाच्या पुरुष संघाचे प्रशिक्षक माइक शेशेव्हस्की २०१८ मध्ये आणि स्टॅनफर्डच्या महिला संघाच्या प्रशिक्षक टॅरा व्हॅनडरव्हियर २०२० मध्ये त्यांच्या पुढे गेल्या. कनेटिकट विद्यापीठाच्या महिला संघाचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांनी २०१४ मध्ये नववे विजेतेपद मिळवून त्यांचा आठ विजेतेपदांचा विक्रम मोडला आणि पुढे तेही बरेच दूर गेले. यामुळे समिट यांच्या कामाचे मोल कमी झाले, असे मला मुळीच वाटत नाही. जानेवारी १९९५ मध्ये टेनेसी आणि कनेटिकट प्रथमच आमनेसामने आले आणि त्यानंतर २००७ पर्यंत चाललेल्या या चुरशीने महिला बास्केटबॉलला दूरचित्रवाणीवर हक्काची जागा मिळवून दिली. ज्या प्रतिस्पर्ध्यांनी त्यांना मागे टाकले, त्यांना मोठ्या पटांगणात खेळण्याची संधी मिळण्यामागेही समिट यांचा वाटा होता. दोन्ही प्रशिक्षकांचे संबंध ताणलेले होते, ही उघड गोष्ट आहे; तरी समिट यांच्या अल्झायमरच्या (स्मृतिभ्रंशाच्या) आजारानंतर स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाला ऑरिएमा यांनी दहा हजार डॉलरची देणगी दिली, याची नोंदही त्याबरोबरच घ्यायला हवी.

संग्रहालयातून निघून गाडीने काही मिनिटांत विद्यापीठाच्या आवारात पोहोचता येते. तिथे लेक लाउडन बुलेव्हार्डच्या कोपऱ्यावर, संघाच्या क्रीडागृहासमोर, नोव्हेंबर २०१३ मध्ये अर्पण केलेला पॅट समिट प्लाझा आहे. त्यांचा कांस्य पुतळा इथे उभारला आहे. समोरचे क्रीडागृह आता फूड सिटी सेंटर या नावाने ओळखले जाते. पूर्वीचे नाव थॉम्प्सन-बोलिंग अरीना. आतल्या कोर्टाला २००५ मध्ये, समिट यांच्या ८८० व्या विजयाच्या वेळी, ‘द समिट’ असे नाव देण्यात आले. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांनी एक हजारावा विजय मिळवला. त्यानंतर जेमतेम दीड महिन्याने बॉल स्टेटविरुद्ध त्यांचा संघ एनसीएए स्पर्धेच्या इतिहासात प्रथमच पहिल्या फेरीत बाद झाला, हे गौरवाच्या जागेवर कोणी कोरून ठेवत नाही. पण त्यांच्या कारकिर्दीचा आदर करणाऱ्याला हेही ठाऊक असावे, कारण पुढच्याच हंगामात त्यांनी संघाला पुन्हा ३० विजयांच्या पलीकडे नेले.

ऑगस्ट २०११ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, आपल्याला अल्झायमरचे लवकर सुरू होणारे रूप जडल्याचे समिट यांनी स्वतः जाहीर केले आणि तो हंगाम प्रशिक्षक म्हणूनच पूर्ण केला. हॉली वॉर्लिक या त्यांच्या माजी खेळाडू आणि दीर्घकाळच्या साहाय्यक त्या हंगामात बरीचशी जबाबदारी सांभाळत होत्या. एप्रिल २०१२ मध्ये समिट पदावरून दूर झाल्या, त्याच वर्षी त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला आणि जून २०१६ मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. स्मरणशक्ती हेच ज्या कामाचे मुख्य साधन आहे, त्या कामात असताना हा आजार लोकांसमोर मांडणे सोपे नव्हते. आजार लपवून सन्मानाने निवृत्त होण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी तो घेतला नाही, आणि अल्झायमरविषयीच्या संकोचाला त्यामुळे मोठा धक्का बसला.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक सूचना. संग्रहालय आकाराने आटोपशीर आहे. माहितीफलक वाचत पाहायचे असेल, तर अर्धा दिवस ठेवावा, धावत पाहायचे असेल तर तासाभरात होते, पण तसे पाहू नये. उघडण्याच्या वेळा हंगामानुसार बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या तपासून घ्याव्यात. बरोबर मुले असतील, तर पासिंग, ड्रिबलिंग आणि बास्केट करण्याचा सराव करता येईल अशा कोर्टाच्या विभागासाठी वेगळा वेळ राखावा. तिथे ती रमतात आणि मोठ्यांना दालने शांतपणे पाहता येतात. वर्षातला सर्वोत्तम काळ निवडायचा झाला, तर दोन पर्याय आहेत. बहुतेक वर्षी जून महिन्यात नव्या सन्मानितांचा समारंभ होतो आणि जुने खेळाडू व प्रशिक्षक शहरात येतात. दुसरा पर्याय हिवाळ्याचा आहे. त्या वेळी महाविद्यालयीन हंगाम ऐन भरात असतो आणि सकाळी संग्रहालय, दुपारी प्लाझा आणि संध्याकाळी टेनेसीच्या महिला संघाचा सामना, असा संपूर्ण दिवस आखता येतो. मला विचाराल तर दुसरा पर्याय घ्यावा, आणि तिकीट शक्यतो खालच्या रांगांतले काढावे, म्हणजे टाइमआउटमध्ये प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यात काय चालते, ते जवळून पाहता येईल.